वीतभर भीती

१२ जुलै

दादा,

नमस्कार, खुशाली वगैरे धरून चाल. मशीनवर काम पडलंय. तीन कोट उद्या द्यायचेत आणि एकाही गिऱ्हाइकाचं पोट माप घेतलं तेव्हा होतं तेवढं राहिलेलं नाही.

मुद्द्यावर येते. तुझी भाची बावीस वर्षांची झाली. पाच वर्षं झाली, रोज सकाळी उठून त्या मैदानावर जाते आणि धनुष्य ओढते. दुपारी माझ्याकडे काजं-बटणं करते, संध्याकाळी परत मैदानावर. संघाच्या निवड चाचणीला दोनदा गेली आणि दोनदा हात हलवत परत आली. आमच्या दोघींत तीन वेळांचं ठरलंय. तिसऱ्यांदाही नाही जमलं तर धनुष्य माळ्यावर जाईल आणि ती रंगाच्या कारखान्यात स्टोअरच्या नोकरीवर जाईल. तिथल्या साहेबांच्या बायकोचे कपडे मीच शिवते. तिने डिसेंबरपर्यंत जागा धरून ठेवली आहे.

तिसरी चाचणी नोव्हेंबरात आहे, आणि खरं सांगू का, ती तिथे जाऊच नये असं मला वाटतं. मागच्या वेळी परत आली तेव्हा चार दिवस बोलली नाही. रडली असती तर मी समजूत काढली असती. ती नुसती बसून बटणं लावत राहिली, एका शर्टाला तर दोनदा लावली. तिचे बाबा गेले तेव्हाही ती अशीच गप्प झाली होती. तिसऱ्यांदा मला ते बघवणार नाही.

तेव्हा तिने आधीच, स्वतःहून सोडावं. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. तू चौतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंस. तुझ्या वर्गातून किती पोरं विज्ञान सोडून पळाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. ही तर एकच पोर आहे.

माझं नाव मधे येऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

---

२१ जुलै

चि. खारू,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईची तब्येत उत्तम असावी असा माझा अंदाज आहे, कारण तिने मला बऱ्याच दिवसांत पत्र लिहिलेलं नाही.

सहज मनात आलं म्हणून लिहितो. तू फोनवर विचारशील की मामा, पत्र कशाला? फोनवर समीकरण ऐकून पास झालेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही, म्हणून.

तुझा बाण म्हणजे प्रक्षेप्य. तो दोरीतून सुटला की तुझा त्याच्याशी संबंध संपतो, पुढचं सगळं गुरुत्वाकर्षण बघतं. हवेचा विरोध नगण्य मानू. सत्तर मीटर जायला तुझ्या बाणाला साधारण सव्वा सेकंद लागतो. तेवढ्यात तो सरळ रेषेपासून आठ मीटर खाली येतो, म्हणजे जवळजवळ तीन मजले. म्हणून तो साडेसहा अंश वर करून सोडावा लागतो. आता गंमत बघ. हा कोन अंशाच्या दहाव्या भागाने चुकला तर बाण समोर बारा सेंटिमीटर चुकतो. मधलं पिवळं वर्तुळ जेवणाच्या ताटाएवढं असतं असं तूच सांगितलं होतंस, म्हणजे तेवढ्यात बाण ताटाच्या काठावर. वेग सेकंदाला एका मीटरने कमी पडला तर बाण फूटभर खाली. आणि हे सगळं एकदा नव्हे, बहात्तर वेळा साधायचं.

मानवी शरीर हे मोजमापाचं उपकरण नाही, खारू. ते श्वास घेतं, त्याला घाम येतो, त्याला आदल्या दिवशीचं आठवतं. मी तुला काही कर किंवा करू नको असं म्हणत नाही. फक्त आकडे पुढे ठेवतो. शहाण्याला शब्दाचा मार.

तुझा,
मामा

---

३ ऑगस्ट

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. तुमच्या पत्राचा केवढा उपयोग झाला म्हणून सांगू.

एक मीटर वेग आणि एक फूट, हे मी क्लबात शिकवणाऱ्या आमच्या सरांना वाचून दाखवलं. आमच्या धनुष्यावर क्लिकर असतो. पत्र्याची बारीक पट्टी असते, बाण पुरेसा मागे ओढला गेला की ती टक् वाजते आणि मग सोडायचं. मी कधी कधी टक् व्हायच्या अगदी आधीच सोडत होते. मला वाटायचं, एवढ्या केसभराने काय होतंय. आता कळलं काय होतंय ते. आठ दिवस फक्त वाट बघण्याचा सराव केला. सहा बाणांचा पसारा दोन तळहातांवरून एका तळहातावर आला. 'मानवी शरीर हे मोजमापाचं उपकरण नाही' हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलंय. इतकं चिडून सरावाला जावंसं वाटतं ते वाचून. आईने विचारलं हे कुणाचं, मी म्हटलं मामांचं. तिने कात्री जरा जोरात आपटली.

एक मात्र सांगते, रागावू नका. हवा नगण्य नसते. काल बाजूने वारा होता तेव्हा माझे सहाही बाण शेजारच्या मुलीच्या टार्गेटकडे निघाले होते. तुमच्या पुस्तकात हवा नसेल, आमच्याकडे आहे.

माझी खरी अडचण तुम्हाला सांगते, कारण आईला सांगितली तर ती लगेच कारखान्याचं नाव काढते. मी घरच्या मैदानावर उत्तम मारते. चाचणीच्या मैदानावर गेलं की पहिल्या फेरीपासून बाण खाली. थोडे नाही, वीतभर खाली. आणि हे एकट्या माझंच नाही. आमच्या क्लबातल्या सगळ्यांचं गेली अठरा वर्षं असंच होतं. सर त्याला 'वीतभर भीती' म्हणतात. परक्या मैदानावर आमच्या पोरांची हिंमत वीतभर कमी होते, असं ते सांगतात. साइट म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण. ती स्क्रू फिरवून वरखाली करता येते, पण आमच्याकडे कडक नियम आहे की स्पर्धेच्या दिवशी त्या स्क्रूला हात लावायचा नाही. सर म्हणतात, 'नाचता येईना अंगण वाकडं! खाली गेला तर स्वतःला वर उचल, स्क्रूला दोष देऊ नकोस.' मग आम्ही उचलतो आणि सगळंच बिघडतं.

भीतीवर काही सूत्र असेल तर कळवा. सोबत माझे साइटचे आकडे पाठवते, वीस मीटरपासून सत्तरपर्यंत कुठल्या अंतराला ती किती खाली घेते ते. तुम्हाला आकडे आवडतात म्हणून.

तुमची,
खारू

---

११ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

परावृत्त करण्याचं काम सुरू आहे. पोर चिवट आहे, पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. हवेचा विरोध विचारात घेतल्यावर तिची अवस्था आणखी बिकट होईल असं दिसतं. त्यासाठी मला जुनी पुस्तकं काढावी लागली आणि काल दुपारी एक छोटासा प्रयोगही केला. छत्रीच्या काडीचं धनुष्य चांगलं होतं हे मला या वयात कळलं. समोरच्या बाई त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीबद्दल काही कळवतील तर लक्ष देऊ नकोस.

मोहीम थोडी लांबेल.

दादा

---

२६ ऑगस्ट

चि. खारू,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच.

हवेबद्दल तू बरोबर होतीस. चौतीस वर्षं मी फळ्यावर हवा नगण्य मानली आणि एकाही विद्यार्थ्याने हात वर केला नाही. तू केलास. आता मी हवा धरली आहे. पंधरा दिवस दुसरं काही केलेलं नाही. समोरच्या बाई माझ्याशी बोलत नाहीत, हा त्याचा आनुषंगिक फायदा.

तुझे साइटचे आकडे मी आलेख कागदावर मांडले, कागद सोबत आहे. वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ हे पाचही ठिपके वक्रावर असे बसतात की बघत राहावं. तू आकडे इतके नेटके घेतलेस की माझ्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याच वर्गाने घेतले नसते. पण सत्तरचा ठिपका वक्रावर बसत नाही. तो तीन मिलिमीटरने चुकतो. मी आधी माझी चूक शोधली, मग हवेची. सगळं पुन्हा केलं, तीन वेळा.

तुझे सत्तर मीटर हे सत्तर मीटर नाहीत, खारू. ते अडुसष्ट आहेत.

आता पुढचं ऐक. अडुसष्टवर बसवलेली साइट घेऊन तू खऱ्या सत्तरवर गेलीस तर काय होईल? बाण टार्गेटपाशी पोचतो तेव्हा सात अंशांनी खाली उतरत असतो. दोन मीटर जास्त जायचं म्हणजे तो चोवीस-पंचवीस सेंटिमीटर खाली लागणार. मी माझी वीत मोजली, तेवीस भरली. तुमच्या क्लबात अठरा वर्षं जी भीती आहे ती गणितात बसते, पोरी! मला काल जेवण सुचलं नाही. मैदान मोजून घे आणि लगेच कळव. तुमच्या सरांनाही सांग, त्यांना फार आनंद होईल.

तुझा,
मामा

---

४ सप्टेंबर

मामा,

सरांना आनंद झाला नाही. मी सांगितलंच नाही त्यांना.

तुम्ही ते मैदान पाहिलेलं नाही. ती जागा पूर्वी उकिरडा होती. सरांनी स्वतः फावडं घेऊन ती साफ केली. सत्तर मीटरवरच्या टार्गेटचं काँक्रीट त्यांनी स्वतःच्या हाताने ओतलं, त्यात त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे. आम्ही साठपर्यंतचं अंतर गाठी मारलेल्या दोरीने मोजतो, कारण ती टार्गेटं हलवता येतात. सत्तरचं हलत नाही, म्हणून ते कुणी मोजत नाही. आता मी टेप घेऊन गेले तर त्याचा अर्थ काय होईल? अठरा वर्षं ज्या माणसाने फुकट शिकवलं त्याला एका कागदावरच्या तीन मिलिमीटरवरून खोटं पाडायचं?

आणि मी दोनदा हरले ते घाबरले म्हणून. हे मला मान्य आहे. मान्य करायला मला दोन वर्षं लागली. ते आता मैदानावर ढकलायला मला लाज वाटते. नाचता येईना अंगण वाकडं असं दाराबाहेर कुणी म्हणालं तर मी उत्तर देते, पण घरातूनच कुणी अंगणाला दोष द्यायला शिकवू लागलं तर काय करायचं?

तुम्ही आधी हवा सोडून दिलीत, आता माणसं सोडून देताय. चाचणीला अडीच महिने आहेत. कृपा करून तोपर्यंत आकडे पाठवू नका.

खारू

---

२२ सप्टेंबर

दादा,

तुला मी काय काम सांगितलं होतं?

परवा मला बाहीचा नमुना कापायला कागद हवा होता. पोरीच्या टेबलाखाली चुरगळून टाकलेला एक मोठा चौकोनांचा कागद सापडला, त्यावर तुझं किड्यामुंग्यांसारखं अक्षर. मग मी पत्रंही वाचली. हो, वाचली. परावृत्त म्हणे! एवढं प्रोत्साहन तिला जन्मात कुणी दिलं नसेल. तुला एक पोर पळवून लावायला सांगितली, तर तू तिला चौतीस वर्षांचं सगळं एकटीला शिकवलंस. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, चूक माझीच.

पण वाचल्यावर मला झोपच आली नाही. मला भौतिकशास्त्र कळत नाही, माप कळतं. कोट घट्ट झाला की गिऱ्हाईक सांगतं, कापड आटलं. प्रत्येक जण कशावर तरी ढकलतो. पण एकच कोट अठरा माणसांना एकाच जागी घट्ट होत असेल तर दोष माणसांचा नसतो, नमुन्याचा असतो. हे शिवणकाम शिकायला आलेल्या मुलीलाही पहिल्या महिन्यात कळतं.

म्हणून काल दुपारी पोर दुकानात असताना मी मैदानावर गेले. माझी टेप दीड मीटरची. उभं राहायच्या चुन्याच्या रेषेपासून सुरुवात केली आणि वाकत वाकत निघाले. सर पत्र्याच्या सावलीत बसून बाणांना पिसं चिकटवत होते. त्यांना वाटलं माझं काहीतरी पडलंय. 'काय शोधताय?' म्हणाले. मी म्हटलं, 'दोन मीटर.' ते हसले. पंचेचाळीस वेळा वाकले, वर चव्वेचाळीस सेंटिमीटर. सदुसष्ट मीटर चौऱ्याण्णव. मी आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, 'वाकण्यात चुकलं असेल, पुन्हा मोजू.' दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः टेपचं टोक धरलं. तेवढेच भरले.

ते काँक्रीटपाशी खाली बसले. त्यातल्या अंगठ्याच्या ठशातली माती बोटाने काढली. मग म्हणाले, 'पत्रा.' मला कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. सुरुवातीला सत्तर मीटर बरोबर होते, त्यांनी स्वतः मोजले होते. पण पहिल्याच उन्हाळ्यात पोरांना ऊन लागतं म्हणून ते दारोदार फिरले, लोकांकडून पत्रे आणि खांब मागून आणले आणि ही सावली उभी केली. खांब मधे यायला लागले म्हणून चुन्याची रेषा दोन पावलं पुढे ओढली. दोरी नव्या रेषेपासून लावली, काँक्रीट मात्र जिथल्या तिथे राहिलं. पोरांना ऊन लागू नये म्हणून केलं, दादा. त्यात कुणाला काय बोलायचं?

मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं. माझ्या पोरीला हा माणूस दोन वर्षं भित्री म्हणत होता. पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. अचानक म्हातारे दिसायला लागले. मी टेप गुंडाळली आणि त्यांना म्हटलं, 'माझ्याकडूनही कधी कधी उलटी बाही लागते.'

मी पोरीला अजून काही बोलले नाहीये. तिला तूच लिही. आणि मी तुला काय काम लावलं होतं तेही सांगून टाक, आता लपवण्यात अर्थ नाही.

धाकटी

---

१ ऑक्टोबर

चि. खारू,

आकडे पाठवू नका असं तू लिहिलंस, म्हणून या पत्रात एकही आकडा नाही.

तुझी आई मैदान मोजून आली आहे. तुला एव्हाना कळलं असेल. दुसरं, जे कळलं नसेल ते. जुलैत मी तुला पत्र लिहिलं ते सहज मनात आलं म्हणून नव्हतं. तू हे सोडावंस म्हणून लिहिलं होतं. तुझ्या आईने सांगितलं आणि मी कबूल झालो. मला ते योग्य वाटत होतं. माझ्या हातून पोरं विज्ञान सोडून गेली असं लोक म्हणतात, ते खरं आहे. मी आकडे असे मांडत असे की त्यापुढे माणूस लहान दिसावा. तू पहिली निघालीस जिने ते आकडे कामाला लावले.

सरांच्या बाबतीत तू बरोबर होतीस. मला वक्रावर न बसलेला ठिपका दिसला, त्यामागे उभा असलेला माणूस दिसला नाही. चुकलो.

तुझा,
मामा

---

१४ ऑक्टोबर

ती. मामा,

नमस्कार. मीच आधी लिहायला हवं होतं, पण लाज वाटत होती. चिडले ती तुमच्यावर आणि तुम्हीच बरोबर निघालात. तुम्ही मला पळवून लावायला लिहीत होतात हे वाचून मी इतकी हसले की आईने मशीन थांबवून विचारलं. मग दोघी हसलो. कपाटाच्या दारावरचं वाक्य मी काढलेलं नाही.

इकडची हकीकत सांगते. आई मोजून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मैदानावर गेलो तर जुनी रेषा पुसलेली आणि दोन मीटर मागे, पत्र्याखाली, नवी रेषा. आता ऐन दोन खांबांच्या मधून मारावं लागतं, धनुष्याचं वरचं टोक एकदा तरी पत्र्याला लागतंच. सरांनी सगळ्यांना बसवलं आणि काय झालं ते सांगितलं. भाषण नाही केलं. शेवटी म्हणाले, 'आजपासून ज्याला स्क्रू फिरवायचा त्याने फिरवावा.' मग पिसं चिकटवायला बसले.

मामा, ते जुनी हजेरीची वही घेऊन बसतात हल्ली. अठरा वर्षांत जेवढे चाचणीला जाऊन हरले त्या सगळ्यांना पत्रं लिहितायत, एक्केचाळीस जणांना. प्रत्येकात तेवढंच, की मैदान दोन मीटर आखूड होतं, चूक माझी, तू घाबरला नव्हतास. पत्ते शोधायला मी मदत करते. उत्तरं यायला लागलीत. एक जण ट्रक चालवतो, त्याने लिहिलंय, 'सर, मी खरंच घाबरलो होतो, मैदान कितीही असतं तरी तेच झालं असतं. पण बायकोला तुमचं पत्र दाखवलं आहे, तेवढं तुम्ही मोडू नका.' सरांनी ते पत्र चार वेळा वाचलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

माझं म्हणाल तर विचारू नका. साइट तीन मिलिमीटर खाली घेतली, तुम्ही म्हणाला होतात तेवढीच. बाण पिवळ्यात. रोज. मला आता कळतंय की मला भीती कधी नव्हतीच. होती ती सगळी दोन मीटरच होती. नोव्हेंबरची मी वाट बघतेय.

तुमची,
खारू

---

८ नोव्हेंबर

चि. खारू,

अनेक आशीर्वाद. तुझ्या गेल्या तीन आठवड्यांच्या गुणांवरून मी चाचणीचा अंदाज काढला आहे. सातशे वीसपैकी सहाशे चाळीस, दहा कमी किंवा दहा जास्त. तू म्हणतेस तसे मागच्या वर्षी चौथ्या जागेला सहाशे अठ्ठावीस पुरले होते. निवड चौघींची. म्हणजे शंकेला जागा नाही. हवा धरली आहे, अंतर तपासलं आहे, आता काहीही नगण्य मानलेलं नाही.

निश्चिंत जा.

तुझा,
मामा

---

२४ नोव्हेंबर

ती. मामा,

नमस्कार. सहाशे तेवीस. पाचवी आले.

तुम्ही कारण विचाराल म्हणून सांगते. पहिले छत्तीस बाण तुमच्या गणितासारखे गेले. तीनशे पंचवीस. इतके गुण मी कुठल्याच चाचणीत अर्ध्यावर मिळवले नव्हते. मधल्या सुट्टीत फलकावर माझं नाव दुसरं होतं. सरांनी पाणी दिलं. आणि मी पाणी पिताना माझ्या मनात आलं, आता खाली गेला तर ते माझंच.

तेवढंच, मामा. मैदान बरोबर होतं, साइट बरोबर होती, वाराही पडला होता. कशावर ढकलायला काही उरलंच नव्हतं. परत रेषेवर उभी राहिले आणि हात असा थरथरायला लागला की बाण क्लिकर वाजायच्या आधी सुटतोय की नंतर ते कळेना. बाण खाली गेले नाहीत. खाली गेले असते तर स्क्रू फिरवला असता. ते चहूकडे गेले. एक तर पार बाहेरच्या निळ्या वर्तुळात. मला वाटत होतं की मला भीती कधी नव्हतीच. होती. पण ती त्या दोन मीटरांच्या मागे उभी होती, त्यामुळे आमची भेटच झाली नव्हती.

एक विचित्र गोष्ट सांगते. शेवटच्या दोन फेऱ्यांत, हरणार हे कळल्यावर, हात थांबला. म्हणजे थरथरत होता, पण मला त्याची ओळख झाल्यासारखं वाटलं. शेवटच्या सहा बाणांत मला सत्तावन्न गुण आहेत, त्या दिवशी कुणाच्याही शेवटच्या फेरीपेक्षा जास्त. पण तोपर्यंत उशीर झाला होता.

परतीच्या बसमध्ये सर म्हणाले, 'या वेळी तू खरंच घाबरलीस.' मी हो म्हटलं. ते म्हणाले, 'यावर मला काहीतरी शिकवता येईल. दोन मीटरांवर काही येत नव्हतं.' मग खिडकीबाहेर बघत बसले.

एक डिसेंबरला कारखान्यात रुजू होते. तीनदा ठरलं होतं, तीन झाले. आईला मी शब्द दिलाय आणि तिने तिचा शब्द पाळला. मैदान मोजायला सर गेले नाहीत, मी गेले नाही, ती गेली. तेव्हा आता मी कुरकुर करणार नाही. तुमचे आलेख मी जपून ठेवलेत. तुमच्या अंदाजाबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

तुमची,
खारू

---

२८ नोव्हेंबर

दादा,

पोरीचं पत्र तुला मिळालं असेल. तिने काय लिहिलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण या वेळी ती बोलली. आल्या आल्या चपलाही न काढता सगळं सांगितलं, मग ढसाढसा रडली, मग भूक लागली म्हणाली. मी चार महिने ज्या दिवसाला घाबरत होते तो हा असा गेला.

काल तिने धनुष्य सुटं करून, पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं. माळ्यावर चढवायला स्टूल आणलं. मी खालून म्हटलं, थांब जरा, मला तिथे कापडाचे गठ्ठे ठेवायचेत. खोटं बोलले. तेव्हापासून ते पलंगाखाली आहे आणि मी विचार करतेय.

कापड कापताना नमुनाच चुकीचा असेल तर तो कोट मी गिऱ्हाइकाच्या नावावर लावत नाही. बाजूला टाकते आणि पहिल्यापासून शिवते. आता आमच्या ठरावाचं बघ. तीन वेळा ठरलं होतं. पहिल्या दोन वेळा ती अडुसष्ट मीटर शिकून सत्तरवर गेली. मी स्वतः वाकून मोजलंय, मला कुणी शिकवू नये. त्या दोन धरायच्या नाहीत. म्हणजे आठ दिवसांपूर्वी झाली ती पहिली.

आज सकाळी कारखान्याच्या साहेबांच्या बायकोला सांगून आले की जागा दुसऱ्या कुणाला द्या. त्यांना राग आला. त्यांच्या झग्याची कंबर मी दोन बोटं सैल करून दिली.

आता पोरीला कळवायचं काम तुझं. दोन राहिले आहेत असं लिही. भौतिकशास्त्राने सिद्ध होतं असं लिही, पाहिजे तर आलेख काढ, पण हे पत्र मिळताच टपालात टाक; एक तारखेला ती कारखान्यात निघाली तर तोवर मी काहीतरी सबब काढून थांबवते. मी सांगितलं असतं, पण मी सांगायला लागले की मलाच रडू येईल, आणि मला शनिवारपर्यंत सहा कोट द्यायचेत.

धाकटी